फांदीने आलेला चाफा

संगमेश्वर तालुक्यातल्या एका शिवमंदिराचा जीर्णोद्धार निघाला आहे. आवारात जांभ्याच्या पाराला लागून एक पांढरा चाफा उभा आहे. तिथे समितीला पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत, त्यामुळे झाड ठेवायचं की काढायचं हा प्रश्न आला. त्यातच समितीकडे एक पत्र आलं : आवारात यापुढे झाडं लावायची तर सह्याद्रीतलीच लावा, परदेशी नकोत. पत्र लिहिणारी बाई देवळाच्या गुरवांची सख्खी भाची. ती रत्नागिरीला वनस्पतिशास्त्र शिकवते आणि देवराया राखणाऱ्या मंडळींबरोबर काम करते. मामांच्या हातून याच झाडाची फुलं रोज पिंडीवर जातात. दोघांचं जे बोलणं झालं ते मी शेजारी बसून ऐकलं. ते इथे देतो आणि जिथे राहवत नाही तिथे माझंही मत घालतो.

मामा : पत्र वाचलं गो तुझं. चाफ्याला परदेशी म्हटलंयस. अगं, देवचाफा म्हणतात याला. उद्या देवालाच परदेशी म्हणशील.

भाची : देवाला नाही म्हणणार मामा, झाडाला म्हणते. हे झाड मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचं. आपला जुना चाफा म्हणजे सोनचाफा. संस्कृत काव्यातला चंपक तोच. याला वास चांगला, फूल देवाला वाहण्यासारखं, म्हणून यालाही लोकांनी चाफाच म्हटलं. तशी चाफा म्हणवणारी बरीच आहेत. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा हळदीच्या कुळातला. हा कण्हेरीच्या कुळातला. फांदी मोडली की पांढरा चीक गळतो, ती त्या कुळाची खूण.

मामा : चीक मला सांगू नकोस, सदऱ्यावर पडला की जन्मात जात नाही. पण हे झाड आमच्या आज्याच्या आज्यानं लावलं म्हणतात. खोड बघ. असं खोड काय काल-परवाचं असतं?

भाची : चाफ्याच्या खोडावर जाऊ नका. तो लवकर म्हातारा दिसतो. इकडे या, ही फांदी बघा. टोकाला फुलांचा तुरा आलाय ना? तुरा आला की त्या टोकाची वाढ संपली. मग त्याच्या खालून दोन-तीन नव्या फांद्या फुटणार, त्या वाढणार, त्यांना तुरा येणार, त्याही थांबणार. म्हणून सरळ वाढलेला चाफा कुठे दिसत नाही. प्रत्येक बेचक्यात एक जुना तुरा होता असं समजा. तीस-चाळीस वर्षांचं झाडसुद्धा यामुळे पुरातन वाटतं.

मामा : म्हणजे बेचकी मोजली तर किती वेळा फुलला ते कळेल?

भाची : एका फांदीवर खालून वर मोजत गेलात तर साधारण कळेल.

मामांनी खरोखरच मोजायला सुरुवात केली. बोट एका फांदीवरून वर नेत ते पुटपुटत होते, आणि वरची फांदी हाताला लागेना तेव्हा आकडी आणून तिच्या टोकाने मोजत राहिले. ज्या झाडाची फुलं इतकी वर्षं काढली त्याची बांधणी अशी आहे हे त्यांना नव्याने कळत होतं, आणि त्याचा आनंद त्यांनी लपवला नाही. वाद मात्र सोडला नाही.

मामा : बरं, परदेशी तर परदेशी. आणलं कुणी?

भाची : पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होते. काजू, पेरू, अननस, मिरची, पपई ही सगळी अमेरिकेतली मंडळी त्यांच्या व्यापारामागोमाग आपल्याकडे पसरली. दुसरी वाट पॅसिफिक महासागरातून. स्पॅनिश गलबतं १५६५ पासून १८१५ पर्यंत मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून फिलिपिन्समधल्या मनिलाला जात. चाफा त्या वाटेने गेल्याची खूण अजून तिथल्या लोकांच्या तोंडात आहे. मेक्सिकोतले नाहुआ लोक याला ‘काकालोशोचित्ल’ म्हणत. फिलिपिन्समध्ये आजही त्याला ‘कालाचुची’ म्हणतात.

मामा : इतके महिने गलबतावर झाड जगलं कसं? माणसांनाच प्यायला पाणी पुरायचं नाही.

भाची : ते तुम्हीच सांगा. तुम्ही चाफा कसा लावता?

मामा : चैत्र-वैशाखात हातभर फांदी काढायची. पानं असली तर छाटायची. लगेच लावायची नाही, लावली तर कुजते. पडवीत सावलीला टाकून ठेवायची, चीक सुकून तोंड बंद झालं पाहिजे. आठ-पंधरा दिवसांनी लावली तरी चालते. महिनाभर विसरलो तरी काही बिघडत नाही. पाऊस पडला की पालवी फुटलीच. मागे वादळात एक मोठी फांदी पडली होती. ती तशीच कुंपणाला टाकून दिली, तर मातीचा स्पर्श नसताना तिला तुरा आला.

भाची : गलबतावरही तेच झालं असणार. मांसल फांदी आतलं पाणी धरून ठेवते, आणि चिकाने तोंड बंद झालं की ते बाहेर जात नाही. काचेच्या बंद पेटीत रोपं घालून ती समुद्रापार नेण्याची युक्ती इंग्लंडच्या नॅथॅनिएल वॉर्डने १९व्या शतकात काढली. चाफ्याला तशी पेटी लागलीच नाही. कुणीतरी काठीसारखी फांदी सामानात टाकली असेल.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा या फांदीत आहे. मामांना मी विचारलं, चाफ्याची शेंग पाहिली आहे का? त्यांनी आठवून सांगितलं की क्वचित, बैलाच्या शिंगांसारखी जोडशेंग, आणि ती कुणी लावल्याचं ऐकलेलं नाही. आपल्याकडे चाफा फुलतो भरभरून, पण फळतो फारच थोडा. त्यामुळे देवळात, दर्ग्यात, चर्चच्या आवारात, शाळेच्या फाटकाशी जिथे जिथे तो दिसतो, तिथे तो कुणाच्या तरी हाताने गेलेला असतो. वारा किंवा पाखरू त्याला नेत नाही. एकाने मागितला, दुसऱ्याने तोडून दिला, असाच तो अर्ध्या जगात गेला.

मामा : आता मी विचारतो. तुझ्या त्या देवरायांत रानमोडी आहे?

भाची : भरपूर. तीच तर काढत असतो.

मामा : घाणेरी?

भाची : तीही. दोन्ही अमेरिकेतल्याच. रानमोडीचं बी वारा उडवतो, घाणेरीची फळं बुलबुल खातात आणि बी रानभर टाकतात.

मामा : आणि चाफा? रानात आपोआप उगवलेला एक तरी चाफा पाहिलायस?

भाची : नाही पाहिला.

मामा : मग एकाच पत्रात, एकाच दमात तिघांची नावं कशाला? रानमोडी न विचारता घरात घुसली. चाफ्याला हात धरून आणलं आणि जिथे बसवला तिथेच तो बसला.

भाची : हे मान्य. पत्रातलं ते वाक्य मी बदलते. पण मामा, माझा मुद्दा तेवढ्यावर संपत नाही. चाफा रानाचं वाटोळं करत नाही हे खरं. तो इथल्या जिवांना देतो काय ते बघा. हे फूल हातात घ्या. ही खालची नळी सोलून बघा, मध आहे का?

मामांनी फूल उभं चिरलं. पाच पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एकीवर एक चढलेल्या, मध्ये हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा गळा, आणि खाली बारीक नळी. नळी कोरडी होती.

भाची : चाफ्याचा वास रात्री वाढतो तो लांब सोंडेच्या मोठ्या पतंगांसाठी. कोस्टारिकात याचा अभ्यास झाला आहे. पतंग वासाने येतात, मध शोधत एका फुलातून दुसऱ्यात सोंड घालतात, परागण होतं, पण त्यांना मिळत काही नाही. पानांचं तसंच. चाफ्याच्या मूळ देशात एक भली मोठी सुरवंटी अळी त्याची पानं फस्त करते. काळी, अंगावर पिवळे पट्टे, डोकं तांबडं. इथे तिच्यासारखं कुणी नाही. आता शेजारी सोनचाफा आहे असं धरा. त्याच्या पानांवर काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं फुलपाखरू अंडी घालतं. फळं तडकली की तांबड्या बिया खायला पाखरं येतात. सुरंगीला फुलं आली की मधमाश्यांचा आवाज वाडीत ऐकू येतो. आवाराची जागा मोजकी असते मामा. तिथे एक झाड लावणं म्हणजे दुसरं न लावणं.

मामा : सोनचाफा शंकराला चालत नाही.

भाची : असं कोण म्हणतं?

मामा : शिवपुराणात आहे. गोकर्णाच्या वाटेवर चाफ्याचं झाड होतं. एक लोभी ब्राह्मण त्याची फुलं शंकराला वाहून राजाला वश करून बसला आणि लोकांना छळू लागला. नारदमुनींनी झाडाला विचारलं, तुझी फुलं कोण नेतो? चाफा खोटं बोलला, मला ठाऊक नाही म्हणाला. नारदांनी शाप दिला की तुझं फूल शंकर यापुढे घेणार नाही. केवड्यासारखीच त्याची गत झाली. आता तूच बघ, तुझ्या त्या अस्सल इथल्या चाफ्याला शंकराने दारातून परत पाठवलं आणि या परदेशातल्याला डोक्यावर घेतलं.

भाची या मुद्द्यावर गप्प राहिली. माझ्या मते ती गोष्ट नुसती हसून सोडण्यासारखी नाही. पूजेचे नियम जुन्या झाडांसाठी ठरलेले होते. नवं झाड आलं तेव्हा त्याच्यावर शाप नव्हता, वर नव्हता, कुठल्याच कथेत त्याचं नाव नव्हतं. फूल पांढरं, सुवास मंद, आणि शंकराला पांढरं फूल चालतं, एवढ्या बळावर ते पिंडीपर्यंत पोचलं. लोकांनी त्याच्यासाठी पुराण बदललं नाही, आणि पुराणात नाही म्हणून ते नाकारलंही नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. श्रीलंकेत त्याला अरलिया म्हणतात आणि बुद्धापुढे वाहतात. बालीत रोजच्या नैवेद्याच्या पानाच्या द्रोणात ते असतं. लाओस देशाने तर त्याला राष्ट्रीय फूल केलं. निकाराग्वानेही केलं, पण तो त्याचा मूळ मुलूखच. हवाईचे हार म्हणून जी फुलं जगभर छापली जातात, त्यांतलं हे फूल तिथे १८६० साली विल्हेल्म हिलेब्रांड या जर्मन डॉक्टरने नेलं. कुठेही जावो, पाहुणा म्हणून त्याला ओसरीवर ठेवलेलं दिसत नाही. लोक त्याला थेट देवाकडे नेतात, नाहीतर मेलेल्यांकडे.

मामा : मेलेल्यांकडे म्हणजे?

भाची : मलेशिया-इंडोनेशियात कबरींजवळ चाफा लावतात. त्यामुळे त्याला भुताखेतांचंही झाड समजतात. तिथे पोंतियानाक नावाचं भूत आहे. बाळंतपणात मेलेली बाई पोंतियानाक होते. ती जवळ आली की आधी चाफ्याचा गोड वास येतो आणि मग कुजल्याची दुर्गंधी, असं सांगतात.

मामा : ही आपली हडळच की. पण कब्रस्तानात चाफा आपल्याकडेही आहे. खालच्या मोहल्ल्यातल्या कब्रस्तानात जो आहे तो याच झाडाचा. माझ्या वडिलांनी फांदी दिली होती.

भाची : हे मला कधी सांगितलं नाहीत.

मामा : त्यात सांगायचं काय? कब्रीपाशी लावायला झाड हवं होतं. पाणी घालायला रोज कोण जाणार? चाफ्याला पाणी लागत नाही. चिकामुळे बकरी तोंड लावत नाही. माघात पानं झडून नुसती हाडं उरतात, झाड मेलं असं वाटतं, आणि चैत्रात त्याच हाडांवर फुलं. कब्रीवर दुसरं कुठलं झाड शोभणार? शाळेतला चाफाही याचाच. पोस्टाजवळचा होता तो रस्ता रुंद केला तेव्हा गेला.

भाची : मेक्सिकोच्या बाजूला माया लोक आहेत, त्यांची यापेक्षा मोठी गोष्ट आहे. ते चाफ्याला ‘निक्ते’ म्हणतात. प्रेमाचं, शृंगाराचं फूल म्हणून ते त्यांच्याकडे प्रसिद्ध. त्यांच्यातल्या लाकांदोन लोकांच्या सृष्टिकथेत काकोच नावाच्या आदिदेवाने आधी निक्तेचं फूल निर्माण केलं आणि त्या फुलातून बाकीचे देव जन्मले.

मामा : फुलातून देव?

भाची : हो.

मामा : मग याचं देवचाफा नाव बरोबरच आहे की. तिथे तो देवांच्या आधीपासून आहे. आपण आपले उगाच त्याला दाखला मागतोय.

युरोपियनांनी या झाडाला शास्त्रातलं जे नाव दिलं ते शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच संन्याशाचं. तो १६४६ मध्ये जन्मला. राजा चौदाव्या लुईच्या काळात तीनदा कॅरिबियन बेटांवर गेला, तिथल्या झाडांची चित्रं काढली आणि १७०४ मध्ये पुढच्या सफरीला निघताना स्पेनच्या किनाऱ्यावर वारला. मोठा माणूस होता यात शंका नाही. पण त्याच्या कितीतरी आधी, १५५२ साली, मार्टिन दे ला क्रुझ या नाहुआ वैद्याने आपल्या देशातल्या औषधी झाडांचं पुस्तक रचलं होतं. हुआन बादियानो या दुसऱ्या नाहुआ विद्वानाने ते लॅटिनमध्ये आणलं. त्यात चाफ्याचं रंगीत चित्र आहे. ते हस्तलिखित शतकानुशतकं युरोपात राहिलं आणि १९९० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी मेक्सिकोला परत दिलं. झाडाला नाव लागलं प्ल्युमिएचं. मला ते दे ला क्रुझचं लागायला हवं होतं असं वाटतं.

मामा : आणखी एक. मध्ये काही वर्षांपूर्वी चाफ्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी पसरलं होतं. पपई तर साफ गेल्या. ते काय होतं?

भाची : पपईवरचा पिठ्या ढेकूण. तोही मेक्सिकोकडचा. भारतात २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला आणि बघता बघता महाराष्ट्रात पोचला. पपई, तुती, जास्वंद, चाफा, काही सोडलं नाही. औषधं मारून तो आटोक्यात येईना. मग २०१० मध्ये त्याच्या मुलखातलीच एक अगदी बारीक गांधीलमाशी प्वेर्तो रिकोहून मागवून सोडली. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते. त्यानंतर तो आवरला.

मामा : म्हणजे दुखणं तिकडचं आणि औषधही तिकडचंच. आता सांग, तिकडचं म्हणून त्या माशीलाही पत्रात नको म्हणणार होतीस?

भाची : नाही. पण ती माशी सोडण्याआधी तपासणी झाली, मामा. ती दुसऱ्या कुठल्या किड्यावर जाते का हे पाहूनच सोडली. माझं म्हणणं तेवढंच आहे. आणताना, लावताना बघावं. आज कोण बघतं? कुठल्याही नर्सरीत जा आणि नागचाफा मागा. पानाला नागाच्या फणीसारखा आकार असलेलं, पांढऱ्या गुच्छांचं, बिनवासाचं एक झाड तुमच्या हातात ठेवतील. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत, रस्त्याच्या दुभाजकांत तेच दिसतं. ते पनामा-कोलंबियाकडचं, याच चाफ्याचं भावंड. आपला नागचाफा वेगळा. दणकट लाकडाचं, सदाहरित, घाटातलं झाड. त्याची कोवळी पालवी तांबडीलाल असते, फुलात पिवळ्या केसरांचा गोळा असतो. माझ्या विद्यार्थ्यांतल्या बहुतेकांनी ते पाहिलेलंच नाही. नागचाफा लावला या समाधानात लोक दुसरंच झाड लावून बसले आहेत. मला राग या तुमच्या झाडाचा नाही. जुनी देवळं हीच एक जागा उरली होती जिथे नागचाफा, सुरंगी, बकुळ कुणी तोडत नव्हतं. तिथेही आता पेव्हर ब्लॉक आणि नर्सरीतली स्वस्त झाडं येणार.

या मुद्द्याला मामांकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. माझा कल मामांकडे आहे. माणसाने माणसाला देत देत जे झाड इथवर आलं, ज्याची फांदी देवळातून कब्रस्तानात गेली, ते परकं म्हणून काढणं मला सहन होणार नाही. पण नवं झाड लावायला आवारात हातावर मोजण्याएवढ्याच जागा असतात, आणि त्या जागांवर इथल्या झाडांचा हक्क आधी आहे, हे भाचीचं म्हणणं मला पटतं. जुन्याला हात लावू नये आणि नवं निवडून लावावं. समितीपुढे मी जाऊन हेच सांगणार आहे.

भाची : पत्र मी बदलून देते. चाफा राहू द्यावा, आणि त्याच्या बुंध्याभोवती चार-चार हात फरशी घालू नये, असं लिहिते. मुळांना हवा लागते.

मामा : चार कशाला, पाच लिही. ते चारचे तीन करतातच.

भाची : आणि दीपमाळेच्या मागे सुरंगी, विहिरीकडे नागचाफा, फाटकाशी सोनचाफा.

मामा : सोनचाफा फाटकाशी नको. पुढच्या अंगणात देवीची घुमटी आहे तिच्यासमोर लाव. देवीला चालतो. शंकराच्या दारात उभा केलास तर लोक तोडून पिंडीवर वाहणार आणि मी रोज भांडत बसणार.

भाची : चालेल. रोप मी देवराईतल्या बियांपासून केलेलं आणते.

मामा : बियांचं फुलायला किती वर्षं?

भाची : सात-आठ तरी धरा.

मामा : मग कलम आण. दोन-तीन वर्षांत फुलतं.

भाची : कलमं सगळी एकाच झाडाची, मामा. बियांचं प्रत्येक झाड वेगळं असतं, रोगराई आली तर त्यांतलं एखादं तरी टिकतं. रानासाठी म्हणून तेच हवं.

मामा : रानासाठी रानात लाव. देवीपुढे कलम. आणि येताना एक कोयती आण, चैत्र लागला आहे. वरच्या वाडीतल्या शाळेच्या बाईंनी चाफ्याची फांदी मागून ठेवली आहे.